दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक कुणाला लागतं, कुणाला नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाची झडप बदललेला माणूस केसपेपरवर ‘इतर आजार : नाही’ असं लिहून खुर्चीत बसतो. आणि ज्याला कसलाच आजार नाही तो आदल्या रात्रीपासून स्वतःच्याच मनाने ‘६२५’ ची अँटिबायोटिक गोळी चालू करून येतो. खालचे बहुतेक प्रश्न या दोघांनी किंवा त्यांना घेऊन आलेल्या घरच्यांनी विचारलेले आहेत. औषध आणि डोस तुमच्यापुरता तुमचे दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्याशी नीट बोलता यावं एवढी माहिती इथे आहे.

दाताच्या कामाचा आणि हृदयाचा संबंध काय?

तोंडात शेकडो जातींचे जंतू कायम मुक्कामाला असतात. हिरडीतून रक्त आलं की त्यातले काही रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांचा थोड्याच वेळात निकाल लावतं. पण हृदयात कृत्रिम झडप असेल, किंवा झडपेला आधी एकदा संसर्ग होऊन गेला असेल, तर त्या पृष्ठभागावर जंतूंना चिकटायला जागा मिळते. विशेषतः व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय या तोंडातल्या जंतूंना. तिथे ते वाढतात, झडप कुरतडतात, त्यांच्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडेही जाऊ शकतो. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कित्येकदा पुन्हा ऑपरेशन, आणि इतकं करूनही साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो. म्हणून एवढी काळजी.

मग हृदयाचा कुठलाही आजार असला की गोळी घ्यायची?

नाही. पूर्वी जवळजवळ तसंच होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये पहिल्यांदा सूचना काढल्या आणि पुढची पन्नास वर्षं हृदयात ‘मर्मर’, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला तरी गोळी दिली जायची. २००७ मध्ये त्यांनी ही यादी कापून अगदी लहान केली आणि २०२१ मध्येही ती जवळपास तशीच ठेवली. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची संघटना २००९ पासून याच वाटेवर आहे. भारतातले डॉक्टरही मुख्यतः या दोन याद्या पाहून ठरवतात. आज यादीत एवढे लोक आहेत:

- कृत्रिम झडप बसवलेले, मग ती ऑपरेशनने बसवलेली असो की मांडीतून तार घालून. झडप दुरुस्त करताना रिंग किंवा क्लिप बसवली असेल तर तेही.
- पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेले.
- जन्मजात हृदयविकारांपैकी काही. त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.
- हृदय प्रत्यारोपण झालेले आणि नंतर झडपेत बिघाड निघालेले.
- हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप बसवलेले.

अँजिओप्लास्टी झाली आहे, दोन स्टेंट आहेत. मला?

लागत नाही. बायपासवाल्यांनाही नाही, पेसमेकरवाल्यांनाही नाही. पण सांगायचं मात्र नक्की. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल तर दाढ काढणं पुढे ढकलायचं की नाही हे त्यावर ठरतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न असतोच.

लहानपणी वाताचा ताप आला होता, झडप आकसली आहे. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. तेच पुरेल ना?

या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत आणि अमेरिकेतली यादी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही.

आधी त्या इंजेक्शनबद्दल. ते वाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं. त्यातून रक्तात पेनिसिलिनची पातळी कमी पण सतत राहते. दाताच्या कामासाठी त्याचा उपयोग धरता येत नाही. उलट, सतत पेनिसिलिन मिळाल्याने तोंडातले काही जंतू त्याला सरावलेले असू शकतात. म्हणून अशा रुग्णाला दाताच्या कामाआधी डोस द्यायचाच असेल तर ॲमॉक्सिसिलिन टाळून ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखं वेगळ्या गटातलं औषध निवडतात.

आता डोस द्यायचा का? झडप नुसती आकसलेली असेल, किंवा फुग्याने उघडलेली असेल पण आत कृत्रिम काही बसवलेलं नसेल, तर अमेरिकन यादीप्रमाणे गरज नाही. युरोपच्या २०२३ च्या सूचनांमध्ये हे रुग्ण मधल्या धोक्याच्या गटात येतात : सरसकट देऊ नका, रुग्ण पाहून ठरवा. ऑस्ट्रेलियाने तर तिथल्या आदिवासी समाजातल्या वातजन्य हृदयरोगाच्या रुग्णांना द्यावं असं सांगितलं आहे, कारण त्यांच्यात हा आजार फार आणि दातांची हालत वाईट. आपल्याकडचे अनेक हृदयरोगतज्ज्ञ हेच डोळ्यांपुढे ठेवून अशा रुग्णांना गोळी लिहून देतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. हृदयाचे डॉक्टर एक सांगतात, दाताचे दुसरं, असं झालं तर दोघांना फोनवर बोलायला सांगा. मध्ये निरोप्या होऊ नका.

मुलीच्या हृदयाला छिद्र होतं, छत्री बसवून बंद केलं. तिचे दुधाचे दात किडलेत.

छिद्र छत्रीने किंवा पॅचने पूर्ण बंद झालं असेल तर पहिले सहा महिने डोस लागतो. तेवढ्या काळात त्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं आणि मग गरज उरत नाही. पण कडेने थोडी गळती राहिली असेल तर सहा महिन्यांनंतरही लागतो. ओठ-नखं निळी पडणारा आजार असून ऑपरेशन झालेलं नसेल, किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत कृत्रिम झडप अथवा नळी बसवली असेल, तरीही लागतो. छिद्र लहान आहे, नुसतं ‘लक्ष ठेवा’ म्हटलंय, तर सहसा नाही. शेवटचा टू-डी इकोचा रिपोर्ट सोबत आणलात तर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

हलणारा दुधाचा दात आपोआप पडला, पडताना जरा रक्त आलं, तर त्यासाठी काहीही लागत नाही.

औषध कोणतं, किती आणि कधी?

मोठ्या माणसाला ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, तोंडावाटे, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. एकदाच. मुलांना वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, पण मोठ्यांच्या डोसापेक्षा जास्त नाही.

२ ग्रॅम म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम. इथेच गडबड होते. चिठ्ठीवर ‘४ कॅप्सूल, एकाच वेळी’ लिहिलेलं असतं, औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणतो, ‘एवढ्या एकदम कुणी घेतं का, सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या.’ मग रुग्ण दोन दिवस एक-एक घेऊन येतो आणि कामाच्या वेळी रक्तात औषध पुरेसं नसतंच. दुसरी गंमत म्हणजे दुकानात ५०० ची संपली म्हणून २५० ची स्ट्रिप दिली जाते, आणि चार कॅप्सूलचा निम्माच डोस होतो. स्ट्रिपवरचा आकडा वाचा. शक्यतो गोळ्या घेऊन दवाखान्यात या आणि तिथेच आमच्यासमोर घ्या. म्हणजे वेळही जुळते आणि काही त्रास झालाच तर माणसं जवळ असतात.

पोट रिकामं ठेवायची गरज नाही. मधुमेह्यांनी तर न्याहारी करूनच यावं.

कामानंतर पाच दिवसांचा कोर्स लागत नाही. आधीच पू झाला असेल, तोंड सुजलं असेल, तर त्या संसर्गाचा उपचार वेगळा. तो या एका डोसात धरू नये.

पेनिसिलिन चालत नाही, अंगावर गांधी उठतात.

मग ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, नाहीतर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. सेफॅलेक्सिन २ ग्रॅम हाही पर्याय आहे, पण पेनिसिलिनने गांधी उठणं, चेहरा-ओठ सुजणं किंवा दम लागणं असं झालेलं असेल तर तो घ्यायचा नाही. म्हणजे तुम्हाला नाहीच.

जुन्या फाइलमध्ये क्लिंडामायसिन लिहिलेलं सापडेल. २०२१ पासून अमेरिकेच्या सूचनांमध्ये ते नाही. इंग्लंडमधल्या नोंदींत या कामासाठी दिलेल्या दर दहा लाख क्लिंडामायसिनच्या डोसांमागे सुमारे १३ मृत्यू दिसले, बहुतेक आतड्याच्या संसर्गाने. त्याच अभ्यासात ॲमॉक्सिसिलिनच्या एका डोसाने मृत्यू झाल्याची नोंद एकही नव्हती.

जाता जाता : ‘पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना नुसती मळमळ किंवा जुलाब झालेले असतात. ती ॲलर्जी नव्हे. नेमकं काय झालं होतं ते सांगा.

दाताच्या कुठल्या कामांना हे लागतं?

हिरडीशी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी खेळणारं, तोंडाच्या आतली त्वचा भेदणारं कुठलंही काम. दाढ काढणं, दात साफ करणं, हिरडीचं ऑपरेशन, इम्प्लांट, मुळाच्या टोकापर्यंत जाणारं रूट कॅनाल.

एक्स-रे, कवळीचं माप, कवळी बसवणं, तारेचे ब्रॅकेट चिकटवणं किंवा तार घट्ट करणं, निरोगी जागी भुलीचं इंजेक्शन, पडून ओठ फुटणं, यांना लागत नाही.

चार-पाच वेळा यावं लागणार आहे. दर वेळी गोळ्या?

ज्या वेळी वर सांगितलेलं काम होणार त्या दर वेळी, हो. म्हणून आम्ही अशा रुग्णांची कामं एकत्र बांधतो : एका डोसात दोन दाढा आणि त्या बाजूची सफाई. दोन वेळांमध्ये शक्यतो दहा दिवसांचं अंतर ठेवतात, म्हणजे औषधाला सरावलेले जंतू मागे हटायला वेळ मिळतो. तेवढं थांबता येत नसेल तर दुसऱ्या वेळी गट बदलून औषध देतात. आधीच कशासाठी तरी ॲमॉक्सिसिलिनचा कोर्स चालू असेल तरीही तेच.

घाईत गोळी राहूनच गेली आणि दाढ काढून झाली.

कामानंतर दोन तासांच्या आत पूर्ण डोस घेता येतो. पण हे चुकून राहिलं तर. ‘नंतर घेऊ की’ म्हणून मुद्दाम ठेवायचं नाही.

व्हॉल्व्ह बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दाढ काढण्याआधी बंद करू?

स्वतःहून कधीही नाही. लोखंडी झडपवाल्याने, म्हणजे धातूची यांत्रिक झडप असलेल्याने, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम चार दिवस बंद ठेवलं तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते. दाढेतून येणारं रक्त आम्हाला थांबवता येतं; अडकलेली झडप दाताच्या दवाखान्यात सुटत नाही.

एक-दोन दिवसांतला आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा, रिपोर्ट घेऊन या. साधारण साडेतीनपर्यंत असेल तर साधी दाढ गोळी चालू ठेवूनच काढतात. टाके घालतात, ट्रानेक्सॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा दाबून धरायला देतात. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो. अशा रुग्णांना अँटिबायोटिक दंडात किंवा कमरेवर टोचत नाहीत, स्नायूत रक्त साकळतं. तोंडावाटे जमत नसेल तर शिरेतून देतात.

आणि दाढ दुखली की मेडिकलमधून मिळणारी ती नेहमीची पुडी : मेट्रोनिडाझोल आणि डायक्लोफिनॅक किंवा ॲसेक्लोफिनॅक. तुमच्यासाठी ती धोक्याची आहे. मेट्रोनिडाझोलने आयएनआर भसकन चढतो आणि दुसऱ्या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि फोन.

गुडघ्याच्या दोन्ही वाट्या बदलल्या आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी ‘आयुष्यभर दाताआधी अँटिबायोटिक’ असं सांगितलंय.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की कृत्रिम सांध्यासाठी सर्वसाधारणपणे याची गरज नाही. दाताच्या कामामुळे सांध्याला संसर्ग होतो आणि गोळीने तो टळतो, याला चांगला आधार सापडला नाही. कृत्रिम सांध्यात सापडणारे जंतू बहुधा त्वचेवरचे असतात, तोंडातले कमी.

तरी तुमच्या सर्जननी सांगितलं असेल तर त्यामागे कारण असू शकतं : त्या सांध्याला आधी संसर्ग झाला असेल, किंवा स्टेरॉइड चालू असतील. विचारा. नुसती सवयीने लिहिलेली ओळ असेल तर तेही कळेल. वाट्या बदलून तीन महिने झाले नसतील तर, निकड नसेल तेव्हा, दाताचं काम थोडं लांबवलेलं बरं.

मला शुगर आहे. तेवढ्यासाठी?

नुसत्या मधुमेहासाठी नाही. शुगर फार चढलेली असेल तर आधी ती उतरवायची आणि मग दाढ काढायची. गोळी हा तिला पर्याय नाही.

डायलिसिस चालू आहे, हाताला फिस्टुला आहे.

फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता हातात जोडलेल्या रक्तवाहिनीसाठी, गोळी लागत नाही. दाढ मात्र डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढा. त्या दिवशी डायलिसिसच्या वेळी दिलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा असर गेलेला असतो आणि रक्तही साफ असतं. फिस्टुलाच्या हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. दाताच्या खुर्चीत हे सांगायचं हमखास राहतं. किडनी बदललेली असेल तर तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिन घेऊ नका, नवी किडनी टिकावी म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची पातळी त्याने वाढते.

कॅन्सरचे उपचार चालू आहेत.

इथे एका गोळीपेक्षा काम कधी करायचं याला महत्त्व जास्त.

केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी १००० च्या खाली असतील तर टाळता येण्यासारखं काम टाळतात. टाळताच येत नसेल तर अँटिबायोटिक आणि प्लेटलेट यांचा निर्णय कॅन्सरचे डॉक्टर घेतात.

तोंडाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, देणार असतील, आणि तंबाखू-गुटख्यापायी असे रुग्ण आपल्याकडे फार, तर वाईट दाढा शेक सुरू होण्याआधी निदान दोन आठवडे काढून टाका. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. मग पाच वर्षांनी काढलेली दाढही भरून येत नाही आणि हाड उघडं पडतं.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा. वर्षातून एकदा घेणाऱ्यांना धोका अगदी कमी, कॅन्सरसाठी दर महिन्याला घेणाऱ्यांना कितीतरी जास्त. ‘कमरेच्या हाडाचं इंजेक्शन’ म्हणून घरचे ते विसरून जातात.

व्हॉल्व्हच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. आता ‘डेंटल फिटनेस’ कशाला मागतात?

नवी झडप बसल्यावर पहिले काही महिने तिला संसर्गाचा धोका सर्वांत जास्त. किडलेल्या मुळ्या तोंडात ठेवून झडप बसवणं कुठल्याच सर्जनला नको असतं. दाताची कामं ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी उरकायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ‘सही-शिक्का द्या’ म्हणून येणारे फार. शिक्का मिळतो, दाढ तिथेच राहते.

इंग्लंडमध्ये तर ही पद्धत बंदच केली म्हणे?

मार्च २००८ मध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने सांगितलं की कुणालाच देऊ नका. गोळ्या लिहून देणं झपाट्याने घटलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्यानंतर एंडोकार्डायटिसचे रुग्ण आधीच्या कलाने अपेक्षित होते त्यापेक्षा महिन्याला सुमारे ३५ ने जास्त निघू लागले. कारण हेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण २०१६ मध्ये नाइसने आपल्या वाक्यात ‘सरसकट’ हा शब्द घातला : सरसकट देऊ नका. म्हणजे निवडक रुग्णांना द्यायला जागा झाली.

धोका नको म्हणून सगळ्यांनीच घेतली तर बिघडलं काय?

ज्याला गरज नाही त्याला फायदा शून्य, आणि पुरळ, जुलाब, क्वचित जिवावरची ॲलर्जी हे मात्र पदरात. शिवाय जंतू औषधाला सरावतात. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढाच तिचा अर्थ. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती. रेघ छापली जाते, औषध तसंच विकलं जातं.

दाढ वर्षातून एकदा काढतो, पण ब्रश रोज करतो. ब्रशने जंतू रक्तात जात नाहीत?

जातात, आणि हा इथला सर्वांत मोलाचा प्रश्न. अमेरिकेत २९० जणांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. एंडोकार्डायटिस करू शकणारे जंतू दाढ काढल्यावर ६० टक्के लोकांच्या रक्तात सापडले, आधी ॲमॉक्सिसिलिन दिलेल्यांत ३३ टक्के, आणि नुसता ब्रश केल्यावर २३ टक्के. ब्रश तर रोज दोनदा. म्हणजे हिरड्या सुजलेल्या, रक्त येणाऱ्या असतील तर झडपवाल्याचा खरा धोका वर्षभर घरीच चालू असतो.

म्हणून ब्रश सोडायचा नाही, हिरड्या सुधारायच्या. मऊ ब्रश, सकाळ-रात्र, सहा महिन्यांनी सफाई. सफाईने दात ढिले होत नाहीत. साचलेला चुना निघाल्यावर आधीच ढिले झालेले दात जाणवतात. मशेरी बंद करायची. गावाकडच्या किती तरी बायका ‘तेवढंच एक व्यसन आहे’ म्हणून सोडत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती दिवसातून चार वेळा हिरडीवर घासली जाते. तिने हिरडी खाली सरकते. टाचणी-काडीने दात कोरणंही सोडा.

दवाखान्यात गेल्यावर नेमकं काय सांगू?

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर झडप कोणती, कधी बसवली हे असतं. चालू गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा. ‘एक पांढरी, एक गुलाबी’ यावरून काही कळत नाही. सासऱ्यांना घेऊन सून आली असेल तर तिच्या हाती कागद द्या, ते स्वतः बहुधा ‘मला काही नाही’ म्हणणार.

दाढ काढून तीन आठवडे झाले, संध्याकाळी बारीक ताप येतो.

तुम्ही वरच्या यादीतले असाल तर हा ताप अंगावर काढू नका, आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिकही घेऊ नका. दोन गोळ्या पोटात गेल्या की रक्तात जंतू असूनही तपासणीत सापडत नाहीत, आणि मग कोणतं औषध द्यायचं हेच कळत नाही. गोळी वेळेवर घेतली होती म्हणून हा आजार होणारच नाही असंही नाही. बारीक ताप, रात्री घाम, भूक मरणं, वजन उतरणं, नवा दम लागणं यांतलं काही असेल तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा : ‘मला कृत्रिम झडप आहे, दाढ काढली होती, ताप येतोय, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर करायचं का?’ ते तीन वेगवेगळ्या वेळी रक्त घेतील, इको करतील. अचानक हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ओपीडीची वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.